मेसँजियल पेशी वाढल्या, पण कशामुळे?

आयजीए नेफ्रोपॅथीवर (आयजीए ही अँटीबॉडी मूत्रपिंडात साचून होणारा आजार) पीएचडी धरलीत म्हणजे पॅरिसच्या बर्जे यांचा 1968 चा शोधनिबंध आणि 'फोर-हिट'ची, म्हणजे आजार चार टप्प्यांत घडतो ही, मांडणी तुम्हाला पाठ असणार. गॅलॅक्टोज ही साखर कमी पडलेलं आयजीए1 (आयजीएचा एक प्रकार), त्याला चिकटणाऱ्या अँटीबॉडी, त्यांची कॉम्प्लेक्स (एकमेकांना चिकटून झालेले गठ्ठे) मेसँजियममध्ये, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या केशवाहिन्यांमधल्या भागात, साचणं, मग तिथल्या पेशींची वाढ. सुटं आयजीए1 फारसं काही करत नाही, कॉम्प्लेक्स झालं की पेशी विभागू लागतात. इथवर सगळे सांगतात.

आता रुग्णाचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या कॉलमवरून चालवलं, जड फ्रॅक्शन, म्हणजे मोठ्या रेणूंचा हिस्सा, पेशींवर टाकलं आणि पेशी वाढल्या, तर लगेच पेढे वाटू नका. रक्त गोठताना प्लेटलेट्समधून पीडीजीएफ हे पेशी वाढवणारं प्रथिन सुटतं, आणि मेसँजियल पेशींना ते भलतंच मानवतं. तुम्ही म्हणाल, ते जेमतेम 30 किलोडाल्टनचं (हे रेणूच्या वजनाचं एकक), जड फ्रॅक्शनमध्ये येईलच कसं? येतं! अल्फा-2-मॅक्रोग्लोब्युलिन या रक्तातल्या मोठ्या प्रथिनाला धरून येतं. ते साधारण 720 किलोडाल्टनचं, आपली कॉम्प्लेक्स 800-900 च्या घरात. कॉलमवर दोघं जवळपास एकत्रच उतरतात. माझे कित्येक महिने यात गेले, म्हणून पुन्हा सांगते: नुसत्या आकारावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याच फ्रॅक्शनमधलं आयजीए अँटी-आयजीए बीड्सनी (आयजीए पकडणारी अँटीबॉडी लावलेल्या बारीक मण्यांनी) काढून घ्या आणि उरलेलं पेशींवर टाका. वाढ थांबली, तर आयजीएकडे बोट दाखवता येईल. पण दुसऱ्याच कुठल्यातरी अँटीबॉडीचे बीड्स वापरूनही हेच करून बघा, कारण बीड्सना काय काय चिकटतं याचा नेम नाही. निरोगी माणसाच्या सीरमचं तेच फ्रॅक्शन सोबत हवंच.

एमटीटीच्या किटवर माझा राग आहे. ते पेशींची चयापचयाची धडपड मोजतं, विभाजन नव्हे. थायमिडीन किंवा बीआरडीयू लावा (ती नव्या डीएनएत शिरतात, म्हणून विभाजन कळतं), वेळ लागला तरी. 'एमटीटी चालेल, ग्राफ दाखव' म्हणणारा गाईड पुढे व्हायवात तुमच्यासाठी उत्तरं द्यायला येत नाही.

एका रुग्णाच्या सीरमने पेशी उसळतात, दुसऱ्याच्या ढिम्म. त्याने खचू नका, हा आजारच माणसागणिक वेगळा वागतो. तुमचा हात वाईट नाही.

पेशी मात्र सुरुवातीच्या पॅसेजमधल्याच (फार वेळा नव्या डिशमध्ये न हलवलेल्या) घ्या. आदल्या दिवशी एफबीएस (पेशींना खाऊ म्हणून घालतात ते वासराच्या गर्भाचं सीरम) 0.5 टक्क्यावर आणा, नाहीतर त्या आधीच पोटभर जेवलेल्या असतात. सीरम आल्या आल्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून गोठवा. तीच ट्यूब पुन्हापुन्हा वितळवली, तर कॉम्प्लेक्स पूर्वीसारखी राहतीलच असं नाही.