जुन्या बुलेटचं क्लच कव्हर बदलताना

कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटचं डावीकडचं चेनकेस कव्हर (क्लच आणि इंजिनाची आतली चेन झाकणारं, म्हणजेच क्लच कव्हर) फुटलं की दुकानदार विचारतो, "३५० की ५००?" तुम्ही आधी दुसरंच सांगा: गाडी किकची आहे की सेल्फची. सेल्फच्या गाडीत स्टार्टरचे गिअर याच कव्हरच्या आत असतात, त्यामुळे त्याचा साचाच वेगळा. यूसीई, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या नंतरच्या इंजिनाचं कव्हर तर बघूही नका; तिथे इंजिन आणि क्लचचं तेल एकच असतं. डायनामोच्या जमान्यातल्या इंग्लिश बुलेटचं कव्हर मद्रासला बनलेल्या गाडीला "थोडं घासून" बसवून देणाऱ्यापासूनही लांब राहा.

चार गिअरच्या किकवाल्या गाडीचं कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं. फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढा, खाली ट्रे ठेवा, नट सोडा.

नवं चकचकीत कव्हर आणि जुनं ओरिजिनल यांत निवड असेल तर जुनंच घ्या, फक्त त्याला वारंवार बफिंग झालेलं नसावं. बफिंगने कड झिजते. जाड काचेवर कव्हर पालथं ठेवून चारही बाजूंनी बोटाने दाबा. डुगडुगलं तर ते पिळलेलं आहे, ठेवून द्या. रबर सीलची खाच नखाने तपासा. तिथे खड्डा असेल तर कुठलंही सील टिकणार नाही.

खरी मेख आतल्या जागेत आहे. बाहेरून चपखल बसलेलं कव्हर आतून मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या फिरत्या चुंबकाच्या) नटाला किंवा क्लचच्या स्प्रिंगच्या स्क्रूंना घासू शकतं, आणि ते कळतं तेव्हा तेलात ॲल्युमिनियमची पूड झालेली असते. म्हणून तेल पुसून या उंच भागांवर घट्ट मळलेल्या कणकेचे गोळे चिकटवा, गोळे चिकटू नयेत म्हणून कव्हरच्या आतून टाल्कम पावडर लावा, नवं सील घालून नट नेहमीइतकाच आवळा. कव्हर काढून सर्वांत चेपलेला गोळा ब्लेडने कापा आणि जाडी मोजा. २ मिलीमीटरपेक्षा कमी भरली तर कव्हर परत करा. "दोन पॅकिंग घाला, जागा होईल" हा सल्ला ऐकू नका. सील खाचेत बसायचं थांबतं आणि गळती सुरू होते. कणकेचा कणही आत ठेवू नका.

गळायला लागलं की नट आणखी आवळायचा, ही दुसरी वाईट खोड. एकाच नटाचा दाब मध्यभागी पडतो. तिथे कव्हर आत दबतं, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. वर मधल्या स्टडचे आटे जातात ते वेगळंच. सिलिकॉन थापू नका. सुटलेले तुकडे क्लचमध्ये जातात. सील बदला, नटाखालचा वॉशरही बदला.

कव्हर उघडं आहे तोवर चेनचा ढिलेपणा पाहून घ्या, मधोमध साधारण ६ मिलीमीटर. चेन फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत ताणलेल्या जागेवर सेट करा.

गाडी सरळ उभी करून तेल भरा. सुमारे ४२० मिली लागतं, पण पातळीच्या स्क्रूच्या भोकातून थेंब पडायला लागले की थांबा.