टिश्यूतले जीवाणू शोधताय? स्टेन निवडताना या चुका टाळा

'सेक्शनवर ग्रॅम करा', म्हणजे टिश्यूच्या पातळ कापावर ग्रॅम हा जीवाणू रंगवणारा स्टेन करा, एवढीच चिठ्ठी लॅबमध्ये येते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नेमका कोणता जीवाणू शोधायचाय हे न ठरवता केलेला स्टेन निगेटिव्ह आला, की रिपोर्टमध्ये 'जीवाणू आढळले नाहीत' असं लिहून मोकळं होतात. त्या स्टेनमध्ये तो दिसणार तरी होता का, हे कोणी विचारत नाही.

हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी ही पद्धत 1884 मध्ये मांडली, तीही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या फुप्फुसाच्या टिश्यूवर काम करताना. तरीही स्मिअरमधली (काचेवर पसरलेल्या नमुन्यातली) सफाई सेक्शनमध्ये मिळत नाही. ग्रॅम-पॉझिटिव्ह (निळा रंग धरून ठेवणारे) कॉकाय, म्हणजे गोल जीवाणू, गडद निळे उठून दिसतात. ग्रॅम-निगेटिव्ह (निळा सोडून लाल रंग घेणारे) मात्र लालसर टिश्यूत हरवून जातात. त्यांची शंका असेल तर ब्राउन-हॉप्स (ग्रॅमचाच टिश्यूसाठी सुधारलेला प्रकार) मागवा. आणि रुग्णाला अँटिबायोटिक सुरू असेल, तर मरत आलेले ग्रॅम-पॉझिटिव्हही निळा रंग सोडतात, हे लक्षात असू द्या.

सगळ्यात जास्त फसवतो तो कुष्ठरोगाचा जीवाणू. क्षयासाठी झील-नील्सन (क्षयाचे जीवाणू लाल रंगवणारा स्टेन) चालतो, म्हणून त्वचेच्या बायोप्सीवरही तोच लावतात. पण या जीवाणूचं मेणचट आवरण नाजूक असतं. नेहमीच्या झायलीन (सेक्शनमधलं मेण काढणारं द्रव) आणि ॲसिड-अल्कोहोलमध्ये तो रंग गमावून बसतो. फाइट पद्धतीत झायलीनमध्ये शेंगदाण्याचं तेल मिसळून ते आवरण जपतात आणि आम्लही सौम्य वापरतात. त्वचेत ग्रॅन्युलोमा (संरक्षक पेशींचा गोळा) दिसला, तर मी तरी फाइट केल्याशिवाय निगेटिव्ह म्हणणार नाही.

सिफिलिसचे स्पायरोकीट (मळसूत्री जीवाणू) आणि बार्टोनेला (मांजराच्या ओरखड्यातून होणाऱ्या आजाराचा जीवाणू) यांच्यासाठी वार्थिन-स्टारीसारखा, चांदीने जीवाणू काळे करणारा सिल्व्हर स्टेन लागतो. तो लहरी आहे: मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य आणि रेटिक्युलिनचे (टिश्यूला आधार देणारे) धागेही काळे होतात. म्हणून आकार ओळखू आल्याशिवाय होकार देऊ नका.

स्लाइडवर निळे ठिपके दिसले तरी लगेच हुरळू नका. फाइन फोकस हळूच फिरवून बघा: ठिपका पेशींच्या वरच्या पातळीवर स्पष्ट होत असेल आणि त्याचे आकार वेडेवाकडे असतील, तर तो ग्रॅममधल्या क्रिस्टल व्हायोलेट या निळ्या रंगाचा साका आहे. स्टेन गाळून पुन्हा करा. झील-नील्सनमध्ये एखादाच लाल जीवाणू टिश्यूच्या बाहेर तरंगताना दिसला, तर वॉटर बाथच्या (ज्यात कापलेले सेक्शन तरंगवतात त्या) पाण्याचा संशय घ्या. नळाच्या पाण्यातही मायकोबॅक्टेरिया (क्षयाच्या जीवाणूच्या कुळातले) असतात. कंट्रोल स्लाइड (जिच्यात तो जीवाणू नक्की आहे अशी) प्रत्येक वेळी सोबत हवीच.

झील-नील्सन निगेटिव्ह म्हणजे क्षय नाही, असं समजू नका. जीवाणू मोजके असले तर सेक्शनमध्ये सापडत नाहीत. म्हणून संसर्गाची शंका असेल तेव्हा सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवण्याआधी थोडा भाग निर्जंतुक डबीत कल्चरसाठी वेगळा काढा. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून जीवाणू वाढवता येत नाहीत.