न्यू जर्सीत मतदान: नवीन सिटिझन झालेल्यांनी काय काय करायचं

शपथविधी झाला, सर्टिफिकेट हातात आलं की नाव आपोआप मतदार यादीत जातं असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही, रजिस्ट्रेशन आपल्याला करावं लागतं. निवडणुकीच्या 21 दिवस आधीपर्यंत मुदत असते, ती चुकली तर त्या वेळचं मत गेलंच, म्हणून शपथ झाल्या आठवड्यातच उरकून टाका. वोट डॉट एनजे डॉट जीओव्हीवर ऑनलाइन होतं, ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा. कागदी फॉर्म भरून पोस्टानेही पाठवता येतो. नोव्हेंबरच्या निवडणुकीच्या दिवशी वय 18 पूर्ण हवं आणि त्याआधी निदान 30 दिवस त्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) राहत असायला हवं. 17 वर्षांची मुलं आधीच रजिस्टर करू शकतात, तेव्हा घरातल्या कॉलेजला निघालेल्या पोरांनाही बसवा फॉर्म भरायला.

आता ग्रीन कार्ड आणि एच-वन (वर्क व्हिसा) वाल्यांनी हे नीट वाचा, कारण यात लोकांचं खरंच मोठं नुकसान होऊ शकतं. एमव्हीसीत, म्हणजे लायसन्स देणाऱ्या मोटर व्हेइकल कमिशनच्या ऑफिसात, लायसन्स काढताना किंवा रिन्यू करताना व्होटर रजिस्ट्रेशनही सोबतच होतं, नको असेल तर तसं सांगावं लागतं. घाईत काउंटरवर सगळीकडे सही करत सुटू नका. सिटिझन नसताना सिटिझन आहे म्हणून रजिस्टर झालात किंवा मत दिलंत तर तो गुन्हा आहे, पुढे सिटिझनशिप अडकू शकते, डिपोर्टेशनपर्यंत जाऊ शकतं. कोणी कितीही म्हणू दे ‘काही होत नाही’, ऐकू नका.

घर बदललं तर पत्ता बदलायचा, आणि दुसऱ्या काउंटीत गेलात, समजा मिडलसेक्समधून सॉमरसेटला, तर तिथे नव्याने रजिस्ट्रेशन करायचं.

मत द्यायचे तीन मार्ग आहेत. निवडणुकीच्या दिवशी बूथ सकाळी 6 ते रात्री 8 उघडे असतात, 8 वाजता तुम्ही रांगेत असाल तर मत देता येतं, परत फिरू नका. नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी 9 दिवस अर्ली व्होटिंग असतं, त्यात शनिवार-रविवारही येतात आणि काउंटीतल्या कुठल्याही अर्ली व्होटिंग सेंटरवर चालतं, नोकरी करणाऱ्यांसाठी मला तरी हेच सगळ्यात सोयीचं वाटतं. आयडी बहुतेकांना मागत नाहीत, पण पोस्टाने रजिस्टर केलं असेल आणि पहिलंच मतदान असेल तर मागू शकतात, म्हणून लायसन्स खिशात ठेवाच.

तिसरा मार्ग म्हणजे पोस्टाने. कारण द्यावं लागत नाही, काउंटी क्लर्ककडे अर्ज केला की बॅलट घरी येतं, मात्र अर्ज निवडणुकीच्या 7 दिवस आधी त्यांच्याकडे पोचायला हवा. एकदा अर्ज केला की पुढच्या निवडणुकांनाही बॅलट येत राहतं, आणि इथेच लोक गोंधळतात, कारण घरी बॅलट आलेलं असताना बूथवर गेलात तर मशीनवर मत देऊ देत नाहीत, प्रोव्हिजनल म्हणजे कागदी बॅलट देतात. ते मत वाया जात नाही, तपासून मोजतात, पण वेळ लागतो. भरलेलं बॅलट परत पाठवताना आतल्या पाकिटाला जोडलेला सर्टिफिकेटचा भाग फाडायचा नाही, त्यावरच सही करायची असते. सही रेकॉर्डवर आहे तशीच हवी, लायसन्सवर मराठीत आणि पाकिटावर इंग्रजीत असं चालणार नाही. सही जुळली नाही तर पत्र येतं, ते जाहिरात समजून फेकू नका, सोबतचा फॉर्म भरून लगेच परत पाठवा. ड्रॉप बॉक्समध्ये टाकायचं तर निवडणुकीच्या रात्री 8 च्या आत.

जूनच्या प्रायमरीचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीचे, नियम वेगळे. तिथे पक्ष जाहीर करावा लागतो. कुठल्याच पक्षात नाव नसेल तर बूथवर त्याच दिवशी सांगता येतं, पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर प्रायमरीच्या 55 दिवस आधी फॉर्म द्यायचा. आणि फक्त प्रेसिडेंटच्या वर्षीच मत द्यायचं असं ठरवू नका हो, आपल्याकडे गव्हर्नर निवडतात विषम वर्षी, 2021 झालं, 2025 झालं, शिवाय स्कूल बोर्ड, टाउन कौन्सिल आहेच. मुलांची शाळा आणि प्रॉपर्टी टॅक्स तिथेच ठरतो.

सिटिझन झालेल्या आई-बाबांना इंग्रजी वाचायला जमत नसेल तर बूथमध्ये मदतीला त्यांच्या पसंतीचं माणूस सोबत नेता येतं, मुलगा, सून, शेजारी कोणीही, फक्त त्यांचा मालक किंवा युनियनचा माणूस चालत नाही. हा फेडरल कायदा आहे, दारावर कोणी अडवलं तर तसं स्पष्ट सांगा. सॅम्पल बॅलट आधी पोस्टाने घरी येतं, ते आदल्या रात्री त्यांच्यासोबत बसून मराठीत समजावून सांगा, म्हणजे आत गेल्यावर कोणाला मत द्यायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलेलं असेल.