एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच गर्भपिशवी काढू नका, आधी हे करा

सध्या गावोगावी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचे कॅम्प व्हायलेत आणि मग बायका घाबरून विचारायलेत की रिपोर्टवर एचपीव्ही पॉझिटिव्ह लिहिलंय, म्हणजे कॅन्सर झाला का? नाही झाला बाई. एचपीव्ही हा एक व्हायरस आहे, तो सापडला एवढंच.

या व्हायरसचे 200 च्या वर प्रकार आहेत. काही नुसते हातापायावर चामखीळ आणतात. 6 आणि 11 नंबरचे खालच्या जागी चामखीळ आणतात, ते दिसायला वंगाळ पण कॅन्सर करत नाहीत. खरे वाईट डझनभर, त्यात 16 आणि 18 हे दोघंच मिळून गर्भपिशवीच्या तोंडाचे 70 टक्के कॅन्सर करतात. घशाचा, गुदद्वाराचा, पुरुषाच्या लिंगाचा कॅन्सर पण यातून होऊ शकतो, म्हणजे हा फक्त बायकांचा आजार नाही. (आपल्याकडं तोंडाचा कॅन्सर जास्त करून तंबाखू-गुटख्यानं होतो, ते खापर एचपीव्हीवर फोडू नका.)

पसरतो शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून, त्यामुळं कंडोमनं धोका कमी होतो पण पूर्ण जात नाही. संबंध येणाऱ्या बहुतेक बाया-माणसांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, कळत पण नाही, आणि बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षात त्याला हाकलून लावतं. कोणाकडून आला, कधी आला हे कुठलीच टेस्ट सांगत नाही, कित्येक वर्षं दबून बसलेला आज सापडू शकतो, म्हणून रिपोर्ट घेऊन घरी नवऱ्याशी भांडू नका आणि सासूनं सुनेवर संशय घेऊ नये. धोका त्या थोड्या जणींना, ज्यांच्यात वाईट प्रकार वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. तरी कॅन्सर व्हायला साधारण 15-20 वर्षं लागतात, एचआयव्ही असेल तर 5-10. बिडी-सिगारेटनं धोका वाढतो. म्हणजे पकडायला वेळ भरपूर आहे, फक्त तपासणी करायला पाहिजे.

आता पांढऱ्या पाण्याचं. अंगावरून पांढरं जातंय म्हणजे एचपीव्ही आहे असं अजिबात नाही, हा व्हायरस गप राहतो. ते बहुतेक वेळा साधं इन्फेक्शन असतं, गोळ्यांनी बरं होतं. पण याच तक्रारीवर "पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल" सांगून बीड जिल्ह्यात काय झालं ते 2019 ला सगळ्या देशानं पाहिलं. सरकारी समितीच्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. कोणी असं सांगितलं तर सरळ विचारा, कोणत्या टेस्टवरून सांगायलेत? कागद दाखवा. आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय सही करू नका.

तपासणी कशी करायची? तिशी झाली की आशाताईला विचारा. सरकारी दवाखान्यात 30 ते 65 वयाच्या बायकांची दर 5 वर्षांनी तपासणी करायची असते. तिथं पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर बघतात, पांढरा डाग उठला तर पुढं पाठवतात. दुखत नाही, जरा चुरचुरतं. पन्नाशीनंतर, पाळी गेल्यावर ही पद्धत तितकी कामाची नाही. त्याहून भारी एचपीव्ही डीएनए टेस्ट, ज्यात ब्रशनं नमुना घेतात, काही ठिकाणी बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो. पाळी चालू असताना जाऊ नका, आणि आधीचे दोन दिवस संबंध नको, खालच्या जागी आत ठेवायची औषधं नको.

ही टेस्ट आपल्याच मातीत तपासलेली आहे बरं का. उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायकांवर मोठा अभ्यास झाला, 2009 ला छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात 8 वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरचे डॉक्टर आजही त्याचा दाखला देतात आणि आपल्याकडंच तो कोणाला माहीत नाही, याचं मला लई नवल वाटतं.

पॉझिटिव्ह आलं तर पुढं कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून बघणं, गरज पडली तर छोटा तुकडा काढून तपासणं. डाग सापडलाच तर तेवढी जागा गरम सळईनं किंवा थंड गॅसनं जाळतात, नाहीतर तारेच्या वेटोळ्यानं काढतात, बाई बहुतेक त्याच दिवशी घरी येते, पिशवी जागेवर राहते. काहीच नाही सापडलं तर वर्षभरानं परत टेस्ट. हे वर्ष विसरायचं नाही.

थांबायचं नाही ते कधी? संबंधानंतर रक्त गेलं, पाळी बंद झाल्यावर परत रक्त दिसलं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त, घाण वासाचं पाणी. तेव्हा कॅम्पची वाट न बघता मेडिकल कॉलेज गाठा. कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले योजनेत उपचार आहेत, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

राहिली लस. पोरीला 9 ते 14 वयात द्या, संबंध यायच्या आधी तिचा फायदा सगळ्यात जास्त, आधीपासून असलेला व्हायरस ती घालवत नाही. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक आहे, पोरांना पण चालते. या वयात दोन डोस, मधे 6 महिने, आणि पंधराव्या वर्षापासून तीन. तोडीला जाणाऱ्या घरांनी पट्टा पडून (म्हणजे तोडीचा हंगाम संपून) गावाकडं आल्या आल्या एप्रिलमधे पहिला डोस घ्यावा, म्हणजे दुसरा ऑक्टोबरमधे, परत कोयता घेऊन निघायच्या आधी बसतो. सुई घेतल्यावर पोरीला 15 मिनिटं बसवून ठेवा, काहींना चक्कर येते. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तिला तपासणी लागणारच, हे लसीच्या कार्डावरच लिहून ठेवा.