कचऱ्याची गाडी दांडी मारायची, त्यावर केलेला उपाय
आमच्या कमर्शियल बिल्डिंगचा कचरा उचलणारी गाडी मधेच दांडी मारायची आणि कॉन्ट्रॅक्टरला फोन केला की ठरलेलं उत्तर, गाडी येऊन गेली, गेट बंद होतं. मग वॉचमनला सांगितलं, वेळ टळली की भरलेल्या डब्यांचा फोटो काढ, डब्यांच्या मागे उघडं मेन गेट दिसलं पाहिजे आणि फोटोवर वेळ पण. तो जोडून लेखी तक्रार केली, तक्रार नंबर घेतला, गाडीचा जीपीएस रेकॉर्ड मागितला तेव्हा कुठे सूत्रं हलली. कळलं की बदली ड्रायव्हर बिल्डिंगच्या मागच्या बाजूच्या कायम बंद गेटवर हॉर्न वाजवून परत जायचा! चुकलेल्या फेरीचे पैसे बिलातून वजा करायचं अ‍ॅग्रीमेंटमध्ये होतंच, पण मागितल्याशिवाय कोण देतंय. गाडी येईपर्यंत ओला कचरा घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवलेला बरा, नाहीतर उंदीर येतात आणि भाडेकरू डोकं खातात ते वेगळंच.