स्कर्टिंग आणि दाराच्या पट्ट्या बदलताना या चुका टाळा

स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावलेल्या पट्टीच्या, कोपऱ्यात नखभर फट राहिली की करवतीला दोष दिला जातो. पण चूक बहुधा त्याआधीच झालेली असते: भिंत सरळ, जमीन सपाट आणि कोपरा काटकोनात आहे असं आपण धरून चालतो. असं घर क्वचितच सापडतं.

सुरुवात जुनी पट्टी काढण्यापासून. स्कर्टिंगच्या वरच्या कडेला रंगाचे थर भिंतीशी एकजीव झालेले असतात. ती रेघ आधी कटरने कापा, नाहीतर पट्टीबरोबर गिलाव्याचे पोपडे निघतात आणि भिंतीचं काम वाढून बसतं. पहार भिंतीवर थेट टेकवू नका, मागे फळीचा तुकडा ठेवा. जुन्या घरातल्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नका. आणि जुनी पट्टी खालून फुगलेली असेल तर ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय नवी बसवूच नका. ती एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) असेल तर तीही तशीच फुगेल.

नवी पट्टी आणल्या दिवशी ठोकायची नसते. दोन-तीन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवा. लाकूड तिथल्या हवेला सरावलं नाही, तर बसवल्यानंतर आकसतं आणि सांधे उघडतात.

क्रमही महत्त्वाचा. आधी दाराच्या पट्ट्या (चौकट आणि भिंत यांचा सांधा झाकणाऱ्या), मग स्कर्टिंग, कारण स्कर्टिंगचं टोक दाराच्या पट्टीला येऊन भिडतं. दाराची पट्टी जाडीला कमी पडली तर स्कर्टिंगचं टोक उघडं दिसत राहतं. खरेदीच्या वेळीच दोन्ही तुकडे शेजारी धरून पाहा. दाराची पट्टी चौकटीच्या कडेशी सपाट जुळवायचा मोहही टाळा. ४-५ मिमी चौकट दिसू द्या आणि ती रेघ पेन्सिलीने आधी आखून घ्या. वरचे सांधे उघडे राहत असतील तर चौकट भिंतीच्या आत किंवा बाहेर गेलीय का ते बघा. गिलावा पुढे आला असेल तर पट्टीखाली झाकला जाईल तेवढाच तासा.

आता आतला कोपरा. इथे दोन्ही टोकं ४५ अंशांत कापून जोडणं ही मला सगळ्यात महागात पडलेली चूक. बसवताना सांधा छान दिसला, पण पुढे लाकूड आकसलं आणि कोपऱ्यात काळी रेघ उमटली. त्याऐवजी पहिली पट्टी सरळ कापून भिंतीला भिडवा. दुसरीचं टोक आतल्या कोपऱ्यासाठी कापतात तसं ४५ अंशांत कापा. पुढच्या नक्षीवर जी कड उमटते, तीच तुमची रेघ. बारीक पात्याची करवत थोडी मागे झुकवून त्या कडेने कापत जा. मागचं लाकूड निघून पुढे पातळ धार उरते आणि ती पहिल्या पट्टीच्या नक्षीवर नेमकी बसते, कोपरा ८८ अंशांचा असो की ९२. पहिल्यांदा टाकाऊ तुकड्यावर करून बघा. हात बसतो.

बाहेरचा कोपरा मात्र तिरकाच कापायचा, पण कोन मोजून: ९२ असेल तर पट्टीच्या लांबीपासून मोजून प्रत्येकी ४६, म्हणजे सरळ काप ० धरणाऱ्या करवतीच्या मापावर ४४.

जमिनीला खळगा असेल तर पट्टी दाबून वाकवू नका. ती पाणसळीत टेकवा, कंपास सर्वात मोठ्या फटीएवढा उघडा, जमिनीवरून ओढत पट्टीवर रेघ मारा आणि त्या रेघेपर्यंत रंधा मारा.

ठोकण्याआधी भिंतीतल्या वायरी आणि नळ कुठून गेलेत ते तपासा. टोकाजवळ आधी बारीक भोक पाडा, म्हणजे लाकूड चिरत नाही.

फटी भरायला साधं सिलिकॉन घेतलं तर त्यावर रंग धरत नाही. ॲक्रिलिक सीलंट वापरा. आणि बाहेरच्या कोपऱ्यावर केसाएवढी फट उरलीच, तर लाकडी पट्टी उखडायची गरज नाही: सांध्यात थोडा लाकडाचा गोंद भरा आणि स्क्रू-ड्रायव्हरची गोल दांडी दोन्ही बाजूंनी कडेवर दाबून घासा. तंतू आत वळतात आणि फट मिटते.