कॅरव्हॅनमध्ये डिझेल भरताना रंगावर ओघळ येऊ नये म्हणून

टाकीच्या झाकणाखाली उतरलेला काळपट पट्टा आपल्याकडच्या बऱ्याच कॅरव्हॅनवर, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्यांवर दिसतो. डिझेल पेट्रोलसारखं उडून जात नाही. ते रंगावर बसून राहतं, धूळ धरून ठेवतं आणि पॉलिशचा थर उतरवतं. कारखान्यातून आलेला, नीट पक्का झालेला रंग थोड्या वेळाच्या संपर्काने बिघडत नाही. पण कॅरव्हॅनची बॉडी बहुतेक वेळा वेगळ्या कार्यशाळेत बांधून घेतलेली असते. तिथला रंग कधी नवाच असतो, त्यावर मोठमोठे व्हायनल स्टिकर असतात. स्टिकरच्या कडेतून डिझेल आत शिरलं की गोंद सुटतो आणि उचललेली कड पुन्हा नीट बसत नाही.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. भाड्याने गाडी घेऊन फिरायला निघणाऱ्यांनाही ही काळजी हवीच. गाडी ताब्यात घेताना झाकणाच्या आजूबाजूचा फोटो काढून ठेवा. जुना डाग तुमच्या नावावर लागायला नको.

पंपावर जाण्याआधी लिटर ठरवा

डिझेल सांडतं ते बहुतेक वेळा अगदी शेवटी, टाकी काठोकाठ भरण्याच्या नादात. म्हणून ‘फुल टँक’ म्हणूच नका. टाकी किती लिटरची आहे हे गाडीच्या पुस्तिकेत पाहा आणि काट्यावरून अंदाज घ्या. टाकी ७० लिटरची असेल आणि काटा पावावर असेल, तर ४५ लिटर सांगा. मशीनवर आकडा आधीच टाकला की ते शेवटी वेग कमी करतं आणि ठरल्या आकड्यावर आपोआप थांबतं.

वरची जागा रिकामी ठेवायला आणखी एक कारण आहे. डिझेल तापलं की फुगतं. जमिनीखालच्या टाकीतलं थंड डिझेल भरून गाडी उन्हात उभी राहिली आणि तापमान १५ अंशांनी वाढलं, तर ७० लिटरमागे पाऊण लिटरहून जास्त वाढ होते. टाकी गच्च भरलेली असेल तर ते झाकणातून बाहेर येणार, तेही तुम्ही पंपापासून लांब असताना.

गाडी उभी करताना

आधी सुरक्षितता. आतली शेगडी, गॅसवर चालणारा फ्रिज आणि जनरेटर बंद करा. सिलिंडरचा नॉबही बंद करा. हे सगळं पंपाच्या आवारात शिरण्याआधीच झालेलं हवं. आतल्या मंडळींना खाली उतरवा.

मग जागा. झाकण ज्या बाजूला आहे ती बाजू उतारावर येऊ देऊ नका, नाहीतर डिझेल फिलरच्या (टाकीत डिझेल ओतायच्या पाइपच्या) तोंडाशी लवकर चढतं. पाइप सैल पोचेल इतक्या जवळ गाडी लावा. ताणलेल्या पाइपमुळे नोझल तिरपं बसतं आणि त्याचं वजन फिलरच्या कडेवर पडतं. हायवेवरच्या काही पंपांवर ट्रकसाठी जास्त वेगाची मशीन असतात. त्यांचं नोझल जाड असतं आणि धारही जोराची. शक्यतो छोट्या गाड्यांच्या रांगेत या. उंचीमुळे छताखाली जाता येत नसेल, तर कर्मचाऱ्यांना हळू भरायला सांगा.

झाकणाखाली एप्रन लावा

हे घरी करता येतं. रेक्झिनचा साधारण दीड फूट रुंद, दोन फूट लांब तुकडा घ्या आणि वरच्या कडेला फिलरच्या मापाची अर्धगोल खाच कापा. पत्र्याची बॉडी असेल तर वरच्या कोपऱ्यांत लोहचुंबक शिवून टाका. चुंबकावर कापड हवंच, नाहीतर तोच रंगावर चरा पाडेल. फायबर किंवा अॅल्युमिनियमच्या पॅनेलवर चुंबक धरत नाही. तिथे झाकणाच्या बिजागरीला अडकवता येईल असा नाडीचा फास करा. वर एक जाड सुती फडकं ठेवा म्हणजे थेंब रेक्झिनवरून घरंगळत न जाता तिथेच टिपले जातील. लावण्याआधी बॉडीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या.

भरताना

आपल्याकडे नोझल कर्मचाऱ्याच्या हातात असतं, तेव्हा सगळं त्यांना नीट सांगण्यावर आहे. ‘दादा, आधी नोझल पुसून घ्या, हळू सोडा, आणि कट झाला की राउंड फिगर करू नका.’ एवढं प्रेमाने सांगितलं की लोक ऐकतात. पैसे अमुक रुपये अमुक पैसे झाले तरी चालतील हेही आधीच सांगा. बहुतेक कर्मचारी तुमच्या सोयीसाठीच आकडा पुरा करतात.

कट म्हणजे टाकी भरत आली की नोझलचं आपोआप बंद होणं. तो कसा होतो हे कळलं की आकडा पुरा करायची घाई का टाळायची ते पटेल. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. डिझेल वाहत असताना त्यातून हवा ओढली जाते. डिझेल त्या भोकापर्यंत चढलं की हवा अडते, आतला पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. पण डिझेलला फेस फार येतो आणि फेसानेही भोक बुजतं. त्यामुळे जोराच्या धारेत कट लवकर होतो. फेस बसण्याआधी पुन्हा खटका दाबला की फेसच उसळून बाहेर येतो. नोझल पूर्ण आत, फिलरच्या धातूच्या तोंडाला टेकलेलं ठेवा.

थांबल्यावर लगेच बाहेर ओढू नका. नळीत उरलेलं डिझेल निथळायला दहा-पंधरा सेकंद द्या. मग नोझल फिरवून त्याचं तोंड वर करत काढा, खाली फडकं धरून. झाकण घट्ट लावून एप्रन आतल्या बाजूने घडी करा. तो झाकण असलेल्या डब्यात घालून बाहेरच्या कप्प्यात ठेवा, राहायच्या भागात नको. वास दोन दिवस जात नाही.

तरी सांडलं तर

कोरड्या फडक्याने घासू नका. डिझेलला चिकटलेली धूळ क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, ओरखडे पाडते. आधी नुसतं टिपा. मग पाण्यात कार शॅम्पू मिसळून वरून खाली धुवा, भरपूर पाणी ओता आणि कोरडं करा. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. स्टिकरच्या कडा वेगळ्या टिपा. धुतलेल्या जागी पॉलिशचा हात फिरवा, कारण तिथला थर गेलेला असतो. खाली फरशीवर सांडलं असेल तर कर्मचाऱ्यांना त्यावर वाळू टाकायला सांगा. मागून येणारी दुचाकी त्यावर घसरते.

ज्या गाड्यांना डीईएफ (इंजिनाचा धूर स्वच्छ करणारं, वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) लागतं, त्यांच्या निळ्या झाकणाचा नियम वेगळा. ते युरियाचं पाणी असतं. सांडलं तर साध्या पाण्याने लगेच धुवा, वाळलं की पांढरे खडे धरतात.

हळू भरूनही उसळत असेल तर

मग दोष गाडीत शोधा. बॉडी बांधताना फिलरचा पाइप लांबवलेला असतो आणि टाकीतली हवा बाहेर सोडणारी बारीक नळी पॅनेलमागे कुठेतरी दबलेली किंवा मुडपलेली असते. हवा सुटायला वाट नसली की डिझेल उलटं येतं. बॉडी बांधणाऱ्याकडे गाडी नेऊन ती नळी मोकळी करून घ्या. न सांडताही झाकणाखाली ओल दिसत असेल, तर झाकणातलं रबरी वॉशर कडक झालंय का ते पाहा आणि बदलून टाका.